बरणीचं झाकण आणि दुखरा हात: वापरणाऱ्याला धरून पहिला प्रॉडक्ट डिझाइन प्रकल्प कसा करावा

नवा इंडस्ट्रियल डिझायनर बहुतेक वेळा स्केचपासून सुरुवात करतो, आणि घोटाळा तिथेच होतो. कागदावर आकार उतरला की त्यावर जीव जडतो. मग लोकांशी बोलायचं ते त्या आकाराला होकार मिळवण्यापुरतं. वापरणाऱ्याला धरून डिझाइन करायचं तर पेन्सिल उशिरा उचलावी. आधी हात बघावेत.

उदाहरणासाठी एकच वस्तू घेऊ: संधिवाताने बोटं कमकुवत झालेल्या माणसाला बरणीचं घट्ट झाकण उघडून देणारं साधन. पहिल्या प्रकल्पासाठी असा विषय चांगला. वस्तू लहान आहे, ताकद मोजता येते, चूक झाली तर लगेच दिसते.

बघणं

सहा ते आठ जणांना त्यांच्या घरी, त्यांच्याच ओट्यापाशी, त्यांच्याच बरण्या उघडताना बघा. परवानगी घेऊन फक्त हातांचं चित्रीकरण करा. चेहरा फ्रेममध्ये नसला की माणूस मोकळा होतो. झाकण अडलं तरी मदतीला धावू नका, मनात दहापर्यंत मोजा. त्या दहा सेकंदांत माणूस जे करतो तेच तुम्हाला हवं असतं. मात्र वेदना दिसली तर तिथेच थांबवा.

“असं साधन मिळालं तर घ्याल का?” हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी “हो” येतं आणि ते काही कामाचं नसतं. “शेवटचं कधी अडलं होतं? तेव्हा काय केलंत?” असं विचारा. वहीत तीन रकाने आखा: काय केलं, काय म्हणाले, मला काय वाटलं. तिसरा रकाना वेगळा ठेवला नाही, तर आठवड्याभराने स्वतःचा अंदाजच निरीक्षण म्हणून वाचला जातो.

लोकांनी शोधलेल्या क्लृप्त्या सोन्यासारख्या जपा. कोणी झाकणावर ओलं फडकं धरतं किंवा रबर गुंडाळतं: पकड सुटते आहे. कोणी झाकणाची कड चमच्याच्या दांड्याने उचकटतं: अडचण आतल्या निर्वाताची, म्हणजे आत हवेचा दाब कमी असल्याने झाकण ओढून धरलं जाण्याची आहे. कोणी झाकण गरम पाण्याखाली धरतं: धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि कडेचं सील सैल होतं. म्हणजे “झाकण उघडत नाही” या एका तक्रारीमागे तीन निरनिराळी कारणं आहेत. त्यातलं कोणतं सोडवायचं ते ठरवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आकड्यांत मांडणं

झाकणावर एक लाकडी पट्टी घट्ट आवळा. झाकणाच्या मध्यापासून २०० मिमीवर ताणकाटा अडकवा आणि पट्टीशी काटकोन राखून ओढा. झाकण सुटतं त्या क्षणी काटा २ किलो दाखवत असेल, तर तो जोर सुमारे २० न्यूटन झाला, आणि टॉर्क, म्हणजे झाकण फिरवणारा जोर, २० गुणिले ०.२ म्हणजे ४ न्यूटन-मीटर. दहा-बारा बरण्यांवर हे करा. सरासरीवर समाधान मानू नका, सगळ्यात घट्ट बरणी लक्षात ठेवा.

आता हिशेब बघा. ७० मिमी व्यासाच्या झाकणाच्या कडेवर ४ न्यूटन-मीटरसाठी ११४ न्यूटन जोर लागतो. १७५ मिमी लांब दांडा लावला की तो २३ न्यूटनांवर येतो. इथे बहुतेक विद्यार्थी खूश होऊन थांबतात, आणि त्यांचं साधन नेमकं इथेच फसतं. दांड्यामुळे फिरवणाऱ्या हाताचा त्रास कमी झाला, पण बरणीवरचा टॉर्क तेवढाच राहिला. ८० मिमी व्यासाची काचेची बरणी दुसऱ्या हाताने १०० न्यूटन जोराविरुद्ध स्थिर धरायची आहे, आणि तो हातही दुखराच आहे! चित्रीकरण पुन्हा बघा, या वेळी फक्त बरणी धरणाऱ्या हाताकडे.

यातून दोन वाटा निघतात. एक, बरणी ओट्यावर घसरणार नाही अशी बैठक द्यायची. दुसरी आम्हाला जास्त पटते: निर्वात आधी मोडायचा. आतला दाब बाहेरच्या निम्मा असेल तर ७० मिमी झाकणावर सुमारे १९५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ २० किलोचा भार बसलेला असतो. कडेखाली पातळ चोच सारून किंचित उचकटलं की हवा आत शिरते आणि दोन्ही हातांचं काम एकदम हलकं होतं. जोर वाढवणाऱ्या साधनापेक्षा जोराची गरजच कमी करणारं साधन दुखऱ्या हाताला परवडतं.

मग एका वाक्यात कामाचा मजकूर लिहा: “बोटांची चिमूट न वापरता, ओल्या हातांनी, ४० ते ९० मिमी व्यासाचं झाकण एका मिनिटात उघडावं आणि झाकण पुन्हा लावता यावं.” यातला प्रत्येक तुकडा तपासून हो किंवा नाही म्हणता येतं. “वापरायला सोपं” हे शब्द या वाक्यात येऊ देऊ नका. त्यांची चाचणी घेता येत नाही.

हाताचं माप

सरासरी हातासाठी डिझाइन करू नये. १९५२ मध्ये गिल्बर्ट डॅनियल्स यांनी अमेरिकी हवाई दलाच्या ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. दहा निवडक मापांत एकाच वेळी सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक त्यांना एकही सापडला नाही. सोपा नियम असा: पोहोचायचं असेल तर लहान हात धरून माप ठरवा, आत मावायचं असेल तर मोठा हात धरून. सुजलेली बोटं दुसऱ्या प्रकारात मोडतात.

पूर्ण मुठीने धरायच्या दांड्याचा व्यास ३० ते ५० मिमी आणि लांबी किमान १०० मिमी ठेवा, १२५ असेल तर उत्तम. दांडा आखूड झाला की त्याचं टोक तळहाताच्या मध्यात रुततं. तिथे नसा असतात, त्यामुळे हात लवकर बधिर होतो. गुळगुळीत गोल दांडा ओल्या हातात फिरतो, म्हणून लंबगोल छेद बरा.

मॉडेल

पहिली पाच-सहा मॉडेलं एका दुपारी व्हावीत. पुठ्ठा, निळा पॉलिस्टायरिन फोम, कटर, ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर एवढं पुरे. तोंडावर मास्क हवा, फोमची धूळ बारीक असते. पॉलिस्टायरिन तापलेल्या तारेने कापता येतो, खिडकी उघडी ठेवून. पॉलियुरेथेन फोमला मात्र तार कधीच लावू नका, त्याचा धूर विषारी असतो. त्याला करवत आणि कानस. पॉलिस्टायरिनवर स्प्रे पेंट मारला तर त्यातल्या द्रावकाने पृष्ठभाग विरघळून खड्डे पडतात. रंग द्यायचाच तर पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक द्या. खरं तर या टप्प्यावर रंग नकोच. देखण्या मॉडेलला लोक नावं ठेवत नाहीत, ओबडधोबड मॉडेलला बिनधास्त ठेवतात.

फोम फार हलका असतो आणि हलकी वस्तू हाताला फसवते. आत लोखंडी नट कोंबून खऱ्या वस्तूइतकं वजन करा.

जोर झेलणारं मॉडेल थ्रीडी प्रिंटवर काढा. दांडा आडवा ठेवून छापा, म्हणजे थर लांबीच्या दिशेने जातील. उभा छापलेला दांडा मानेपाशी थरांच्या सांध्यात कटकन तुटतो. मजबुतीसाठी आतलं भरण वाढवण्याआधी बाहेरच्या भिंती वाढवा: ०.४ मिमी नोझलला (प्लास्टिक बाहेर पडतं ती तोटी) चार भिंती आणि २० ते ३० टक्के भरण. पीएलए हे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे गरम पाण्याने धुऊ नका. सरकत्या भागांत प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.३ मिमी फट ठेवा. प्रत्येक प्रिंटरची गोष्ट वेगळी, तेव्हा ०.१ ते ०.५ मिमी फटींची चाचणीपट्टी आधी छापलेली बरी.

चाचणी

पाच जणांत बहुतेक अडचणी सापडतात, हा वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी रूढ केलेला ठोकताळा संगणकाच्या स्क्रीनसाठी होता. हातांचं तसं नसतं. एकाच हाताने काम करणारे आणि दोन्ही हात कमकुवत असलेले असे दोन गट असतील, तर प्रत्येक गटात चार-पाच जण हवेत. पंधरा जणांची एक मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन घ्या आणि मधे मॉडेल बदला.

वापरून दाखवू नका. साधन आणि बरणी समोर ठेवा, “उघडा” एवढंच म्हणा आणि बाजूला व्हा. एका बैठकीत जास्तीत जास्त तीन मॉडेलं, मधे तीन मिनिटं विश्रांती, आणि प्रत्येकाला क्रम बदलून द्या. नाहीतर शेवटचं मॉडेल थकलेल्या हाताचा दोष स्वतःवर घेतं. नोंदी चार: लागलेला वेळ, किती प्रयत्न, किती वेळा घसरलं, दुसरा हात कुठे होता. आधी आणि नंतर वेदना ० ते १० मध्ये विचारा. नंतरचा आकडा वाढला असेल तर झाकण उघडलं तरी ते मॉडेल नापास.

तुमचं आवडतं मॉडेल कोणतं ते चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. लोक भिडेखातर कौतुक करतात. शेवटी चौथी बरणी पुढे करा आणि हात आपोआप कोणत्या साधनाकडे जातो ते लिहून घ्या.

कारखान्याकडे

प्लास्टिक मोल्डिंगमध्ये (वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतून वस्तू करण्यात) भिंतीची जाडी २ ते ३ मिमी आणि सगळीकडे सारखी ठेवा. आतल्या रिबची (भिंतीला बळकटी देणाऱ्या उभ्या पट्टीची) जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्के. त्यापेक्षा जाड रिब थंड होताना आकसते आणि बाहेरच्या बाजूला खळगा पडतो. उभ्या पृष्ठभागांना किमान १ अंश ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, द्या, पोत असेल तर अधिक, नाहीतर साच्यातून निघताना ओरखडे येतात. पकडीवर मऊ रबरासारखा थर देणार असाल, तर खालच्या प्लास्टिकला तो चिकटतो का ते आधी विचारा आणि खाचा-भोकं ठेवून तो अडकवाही.

प्रकल्प पोर्टफोलिओत मांडताना चकचकीत चित्र पहिल्या पानावर नको. पहिल्या पानावर अडलेल्या हाताचा फोटो असू द्या, परवानगी घेतलेला. मग ताणकाट्याचे आकडे, फसलेली मॉडेलं आणि प्रत्येकाखाली एका ओळीत फसण्याचं कारण: “दांडा लांब, पण बरणी हातातून फिरली.” शेवटी पहिल्या आणि शेवटच्या मॉडेलच्या वेदनेच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा, आणि किती जणांवर तपासलं तो आकडा त्याच पानावर लिहा, पाच असेल तर पाच.