हार्ट फेल्युअरच्या पेशंटला "बरं वाटतंय का" विचारू नका, हे विचारा

आमच्या बाबांना हार्ट फेल्युअर आहे. नाव ऐकून घरात सगळ्यांना वाटलं हार्ट बंदच पडलं, पण तसं नसतं, पंप कमजोर होतो आणि अंगात पाणी साठतं, बरीचशी लक्षणं त्या पाण्याचीच.

बाबांना कधीही विचारा, "मला काय धाड भरलीय". म्हणून मी आता विचारते, काल उशा किती घेतल्या? एका उशीवर झोपणारा माणूस तीनवर गेला किंवा रात्री दम लागून उठून बसला तर छातीत पाणी होतंय समजा. आडवं पडलं की येणारा खोकला पण त्यातलाच, आम्ही येडे आठवडाभर कफ सिरप पाजत होतो!

मग पाय. चपलेचा पट्टा अचानक घट्ट व्हायला लागला की नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा, खळगा तसाच राहिला तर सूज आहे.

वजन रोज. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, आणि कालनिर्णयवर तारखेखाली लिहून टाका. तीन दिवसांत 2 किलोच्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, "काल पुरणपोळी झाली ना" म्हणून सोडून देऊ नका.

लग्नाबिग्नाला जायचं असलं की बाबा पाण्याची गोळी (अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी) गुपचूप बुडवायचे, सारखं बाथरूम शोधावं लागतं म्हणून. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी वेळ बदलून दिली, एवढंच होतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मात्र बंद, त्यानं पाणी अजून साठतं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापड-फरसाण सगळं धरून जेमतेम एक छोटा चहाचा चमचा. लो सोडियम मीठ आपल्या मनानं आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि हार्टच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढून बसतं.

बसल्या जागी दम लागला, चक्कर येऊन पडले, खोकल्यातून गुलाबी फेस आला तर फोनाफोनी नको, सरळ 108.

आणि इकोचा (हार्टची सोनोग्राफी, त्यात पंप किती जोरात चालतो तो) आकडा घेऊन रडत बसू नका, आमच्याकडे आकडा जवळपास तोच आहे पण आंघोळीला स्टूल ठेवलं, जिन्यात मधे खुर्ची टाकली, आता बाबा परत स्वतः भाजी आणतात, आणि कोथिंबीर महाग झाली म्हणून घरी येऊन भांडतात पण.