लांब पल्ल्याच्या धावेसाठी खाण्यापिण्याचे नियोजन कसे करावे

तासाभराची धाव आधीच्या जेवणावर सहज निभावते, त्यासाठी वाटेत काही खाण्याची गरज नसते. खरा प्रश्न दीड-दोन तासांच्या पुढे उभा राहतो. स्नायूंमध्ये साधारणपणे 400 ते 500 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली कर्बोदके, असते, आणि चांगल्या वेगाने धावल्यास हा साठा एवढ्या वेळात तळाला लागू शकतो. पाय जड झाल्यावर खाण्यास सुरुवात करणे म्हणजे उशीर करणे होय. त्यामुळे किती प्यायचे आणि किती खायचे, हे आधीच आणि स्वतःच्या मापाने ठरवावे.

सुरुवात घामापासून करावी. स्पर्धेच्या दिवशी अपेक्षित असलेली हवा आणि वेग जुळेल असा सरावाचा दिवस निवडावा. लघवीला जाऊन आल्यावर कमीत कमी कपड्यांत वजन करावे, एक तास धावावे, वाटेत प्यायलेले पाणी मोजून ठेवावे आणि अंग पुसून पुन्हा वजन करावे. चिंब भिजलेला टीशर्ट अंगावर तसाच ठेवला, तर त्यातला घाम वजनात धरला जातो आणि हिशेब फसतो. समजा, वजन 62 किलोवरून 61.2 किलो झाले आणि वाटेत 300 मिलिलिटर पाणी प्यायले गेले, तर तासाला सुमारे 1.1 लिटर घाम गेला.

हा सगळा घाम धावतानाच भरून काढण्याचा अट्टहास नको. वजनातील घट 2 टक्क्यांच्या आत राहिली, तर बहुतेकांची कामगिरी फारशी ढासळत नाही. वरच्या उदाहरणातील धावपटूचा तीन तासांत 3.3 लिटर घाम जाईल. त्यातील सव्वा लिटरची तूट चालवून घेतली, तर तासाला सुमारे 700 मिलिलिटर द्रव पुरेल. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर मात्र सावध व्हावे, कारण अति पाण्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आता कर्बोदकांकडे वळू. एक ते अडीच तासांच्या धावेसाठी तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. आतडे एका तासात साधारण 60 ग्रॅमच ग्लुकोज शोषू शकते. फ्रुक्टोज, म्हणजे फळांमधील साखर, वेगळ्या मार्गाने शोषले जात असल्याने अडीच तासांहून मोठ्या धावेत दोन्हींच्या मिश्रणाने 90 ग्रॅमपर्यंत जाता येते. 6 टक्के कर्बोदके असलेल्या 700 मिलिलिटर पेयातून 42 ग्रॅम मिळतात. 60 ग्रॅमचे लक्ष्य असेल, तर उरलेले 18 ग्रॅम केळ्यातून किंवा धावपटूंसाठी मिळणाऱ्या एनर्जी जेलमधून घ्यावेत, आणि तेही एकदम न घेता दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे थोडे घ्यावेत.

ही मात्रा पहिल्याच दिवशी पोटाला झेपत नाही. काही आठवडे लांब सरावांमध्ये ती हळूहळू वाढवावी आणि स्पर्धेच्या दिवशी नवे काहीही तोंडात घालू नये. मधुमेह असल्यास हे प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

धावेपूर्वीचे जेवण एक ते चार तास आधी, वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1 ते 4 ग्रॅम कर्बोदके मिळतील असे घ्यावे. वेळ जितका कमी, तितके प्रमाण कमी ठेवावे. त्यात तंतुमय आणि तेलकट पदार्थ टाळलेले बरे. धावून आल्यावर 20 ते 25 ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. काही तासांतच पुन्हा धावायचे असेल, तर पहिले चार तास दर किलोमागे तासाला सुमारे 1 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. एरवी नेहमीचे भरपेट जेवण पुरते.