पाणवठ्यावर बसायचं तर आधी वारा ओळखा

एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीतले ओढे आटतात आणि मैलभरात एखादाच डोह उरतो. अशा डोहाजवळ दोन-अडीच तास झाडाला टेकून, जमिनीवर बसून प्राणी-पक्षी कसे बघायचे, ते सांगतो. वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या या गोष्टी लागतातच, त्या धरून चालतो.

डोह निवडणं सोपं आहे. काठच्या चिखलात ताजे ठसे हवेत, आणि गावच्या बायका जिथे पाणी भरतात किंवा गुरं उतरतात, ती जागा त्यांच्यासाठी सोडायची.

ठिपक्याठिपक्यांच्या महागड्या लष्करी कपड्यांवर पैसे घालवू नका. धुऊन धुऊन विटलेले मातकट सुती कपडे पुरतात. विंडचीटर नको, नुसतं कोपर हललं तरी वाजतो. अत्तर तर अजिबात नको.

आता बसायची जागा. इथेच बहुतेकांचं चुकतं, आणि माझं सलग तीन उन्हाळे चुकलं.

‘जिथून पाणी नीट दिसेल तिथे बसा’ हा सल्ला मला प्रत्येकाने दिला. तो पक्ष्यांपुरता ठीक आहे. सांबर, भेकर, रानडुक्कर डोळ्यांच्या आधी नाकावर विश्वास ठेवतात. मी डोहाच्या वरच्या अंगाला, ऐनाच्या बुंध्याशी बसायचो. चार वाजता सगळं छान असायचं; वारा पाण्याकडून माझ्या तोंडावर. एकदा सहाच्या सुमारास समोरच्या करवंदीच्या जाळीतून सांबराची मादी पाडसासह बाहेर आली. पाणी दहा पावलांवर होतं. त्याच क्षणी माझ्या मानेला मागून गार झुळूक लागली. तिने नाक वर केलं, एक कान माझ्याकडे वळवला, पुढचा पाय दोनदा जमिनीवर आपटला आणि ‘पोंक’ करून ओरडली. अंधार पडेपर्यंत त्या डोहावर मग कोणीही फिरकलं नाही. मी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. त्यानंतरही कितीतरी दिवस मी दोष बुटांना देत राहिलो.

दोष वाऱ्याच्या वेळापत्रकाचा होता. दिवसा डोंगरउतार तापतो आणि हवा दरीतून वर चढते. ऊन उतरलं की उतार निवतो, गार हवा जड होते आणि ओढ्याच्या पात्रातून खाली घरंगळते. शाळेच्या भूगोलात ‘दरीय वारे’ आणि ‘पर्वतीय वारे’ म्हणून शिकलेलं हेच. म्हणून दुपारच्या बैठकीला डोहाच्या वर बसा. पहाटेच्या बैठकीला डोहाच्या खालच्या अंगाला बसा, आणि उजाडण्यापूर्वीच पोचा. उतारावर ऊन येऊन तो तापेपर्यंत हवा खालीच वाहत असते. एकच आवडती जागा धरून दोन्ही वेळा बसणाऱ्याला एक वेळ हमखास रिकामी जाते.

वारा फिरण्याची वेळ घड्याळावर शोधू नका, सावलीवर शोधा. पूर्वेला उतरणाऱ्या घळीत ऊन लवकर जातं, तिथे वारा लवकर फिरतो. कोकणाकडच्या उतारावर ऊन उशिरापर्यंत टिकतं आणि दुपारचे खारे वारेही चढत्या हवेला जोर देतात. मध्ये थोडा वेळ पानही हलत नाही. तीच सूचना समजायची.

ओलं बोट हवेत धरून काही कळत नाही. ते फक्त तुमच्या बोटापाशी काय चाललंय तेवढं सांगतं. मी खिशात रुईच्या म्हाताऱ्या ठेवतो. एक सोडायची आणि ती पंधरा-वीस फूट कुठे जाते ते बघत राहायचं. अनेकदा ती आधी सरळ जाते आणि मग एखाद्या मोठ्या दगडाशी गिरकी घेऊन डोहाकडे वळते. तुमचा वासही तसाच वळणार. अशी जागा कितीही सोयीची वाटली तरी सोडा. मचाणावर बसणाऱ्याचा वास बराचसा वरून निघून जातो. जमिनीवर ती सवलत नाही.

बसताना पाठीशी खांद्यांपेक्षा रुंद बुंधा घ्या, सावलीत राहा आणि पहिला अर्धा तास काहीच अपेक्षा ठेवू नका. सातभाईंचा कलकलाट थांबून ते पुन्हा पाचोळा उलटू लागले, की जंगलाने तुम्हाला सोडून दिलं म्हणायचं. ऊन कललं की स्वर्गीय नर्तक फांदीवरून पाण्यात सूर मारून परत फांदीवर येतो. पांढऱ्या नराची लांब शेपटी ओली होऊन जड झालेली स्पष्ट दिसते. दुर्बीण तेव्हा उचलू नका, आधीच छातीशी धरून ठेवा. वानर खाकरलं तर डोहाकडे बघू नका, वानर कुठे बघतंय ते बघा.

दुपारच्या बैठकीत म्हातारी डोहाकडे जाऊ लागली, की उठायचं. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणून थांबलात, तर तुमचा वास पाण्यावर पसरतो आणि संध्याकाळी तहानेने येणारं जनावर पाणी न पिता परत जातं. उन्हाळ्यात पुढचा डोह त्याच्यासाठी एक डोंगर ओलांडून असू शकतो. वरच्या वाटेनेच परत फिरा, काठावर ठसे बघायला उतरू नका. ते सकाळी बघता येतात.