मदतकार्यावरील माणसाचे अपहरण झाल्यास सरकारकडे काय मागावे

परदेशात मदतकार्यासाठी गेलेल्या आपल्या माणसाला अतिरेक्यांनी पळवून नेल्याचे कळले की घरच्यांनी आधी दोन सरकारांची जबाबदारी वेगवेगळी ओळखावी. ओलीस ठेवण्याविरुद्धच्या १९७९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्या देशाच्या भूमीवर ओलीस आहे त्या देशाने सुटकेसाठी योग्य वाटतील ते सर्व उपाय योजायचे असतात, आणि त्या देशाकडे सतत पाठपुरावा करणे हे आपल्या सरकारचे काम आहे. म्हणून पहिला अर्ज परराष्ट्र मंत्रालयाकडे करावा आणि त्याची प्रत तेथील भारतीय दूतावासाला पाठवावी.

‘लवकर सुटका करा’ एवढे लिहून भागत नाही. पासपोर्टचा क्रमांक, शेवटचे बोलणे केव्हा व कोठून झाले, कोणते औषध रोज किती लागते, संस्थेचा स्थानिक प्रमुख कोण, हे सारे अर्जात असावे. मग स्पष्ट मागावे, की आमच्याशी बोलायला एकच अधिकारी नेमा, त्याचा फोन ठरलेल्या दिवशी येऊ द्या आणि माणूस जिवंत असल्याची खूण मागवा. खुणेचा प्रश्न घरच्यांनीच द्यावा. लहानपणी आजीच्या पेटीत काय लपवले होते, असा, ज्याचे उत्तर समाजमाध्यमांवर कोणालाही सापडणार नाही. फोनजवळ एक वही ठेवून तारीख, वेळ, अधिकाऱ्याचे नाव आणि त्याचे नेमके शब्द लगेच टिपावेत.

दूतावासच नसेल तर? केरळचे धर्मगुरू फादर टॉम उझुन्नालिल यांना ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधील एडन येथून पळवले गेले, तेव्हा आपला तेथील दूतावास युद्धामुळे आधीच समुद्रापलीकडच्या जिबूती या देशात हलवलेला होता. १२ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांची सुटका झाली ती ओमानच्या प्रयत्नांनी. अशा वेळी, अपहरणकर्त्यांपर्यंत कोणत्या तिसऱ्या देशाचा शब्द पोहोचतो आणि त्याच्याशी बोलणे सुरू झाले आहे का, हे लेखी विचारावे. काबूलमध्ये आगा खान फाउंडेशनचे काम करणाऱ्या ज्युडिथ डिसूझा ९ जून २०१६ रोजी पळवल्या गेल्या आणि जुलैतच परतल्या. अफगाणिस्तानातीलच हेरात शहराजवळून पळवलेले भारतीय धर्मगुरू फादर अलेक्सिस प्रेमकुमार यांना मात्र आठ महिन्यांहून अधिक काळ लागला. त्यामुळे पाठपुराव्याची कामे घरात वाटून घ्यावीत. एकट्यावर टाकू नयेत.

खंडणीबाबत सरकार उघड बोलणार नाही, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २०१४च्या २१३३ क्रमांकाच्या ठरावाने अतिरेक्यांना खंडणीचा लाभ होऊ देऊ नये असे सर्व देशांना सांगितले आहे. घरच्यांनीही परस्पर सौदा करू नये व वाटाघाटींचा तपशील वार्ताहरांना देऊ नये. ही गुप्तता जगासाठी योग्यच आहे, पण तिच्या नावाखाली घरच्यांना आठवडेच्या आठवडे अंधारात ठेवणे मला मुळीच मान्य नाही. तसे झाल्यास आपल्या खासदारांमार्फत मंत्र्यांची भेट मागावी. ‘धोक्याची सूचना असूनही ते गेले’ हे उत्तर मिळाले, तर नागरिकाच्या सुटकेसाठी झटण्याचे कर्तव्य त्या सूचनेने संपत नाही, हे नम्रपणे पण लेखी कळवावे.

सुटकेची बातमी येण्याआधीच एक विनंती नोंदवून ठेवावी, की विमानतळावर आधी डॉक्टर आणि घरची माणसे भेटतील, कॅमेरे नंतर.