हिरा घेताना आधी मिलिमीटर विचारा

नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत मी पर्समधून व्हर्नियर कॅलिपर काढला, की दुकानदार आधी हसतो आणि मग जरा गप्प होतो. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे मोजल्याशिवाय विश्वास ठेवायची सवय नाही. पण हिऱ्याच्या बाबतीत हे शहाणपण उशिरा आलं, आधी एकदा फसून झालं.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही पन्नास सेंटच्या, म्हणजे अर्ध्या कॅरटच्या, हिऱ्याची अंगठी घेतली होती. रंग चांगला, आत डाग नाही, वजन बरोबर. तरी हिरा कायम झोपाळलेला दिसायचा. पुढे एक प्रॉंग (खडा धरून ठेवणारा आकडा) तुटला म्हणून जडाईच्या कारागिराकडे गेले. त्याने खडा काढून मापला : रुंदी ४.८ मिमी, खोली ३.४ मिमी. म्हणजे खोली रुंदीच्या ७१ टक्के! नीट कापलेला अर्ध्या कॅरटचा गोल हिरा ५.१ मिमीच्या आसपास भरतो. ४.८ मिमीचं तोंड चाळीस-एक सेंटच्या हिऱ्याचं. कारागीर म्हणाला, "ताई, वजन पोटात आहे जी." पैसे पोटाचेही दिले होते.

आता यामागचं फिजिक्स, कारण ते कळलं की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. हिऱ्याचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो त्याचं माप) २.४२, त्यामुळे क्रांतिक कोन फक्त २४.४ अंश. याहून तिरका आपटलेला उजेड बाहेर न पडता आतच परततो. साध्या काचेचा हाच कोन ४२ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे हिऱ्यात शिरलेला उजेड बाहेर निसटायला फार चिंचोळी वाट असते. खालचे पैलू योग्य उतारावर असले, तर तो एका बाजूवर आपटून समोरच्या बाजूवर जातो आणि वरून परत तुमच्या डोळ्यात येतो. उतार फार कमी झाला तर वरून बघताना आत गर्डलची, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या काठाची, पांढरट कडी दिसते, माशाच्या डोळ्यासारखी. फार जास्त झाला तर मधोमध काळोख. हिरा शुभ्र असो की निर्मळ, हे दोन्ही दोष काही झाकले जात नाहीत.

आपल्याकडे जुने कारागीर शक्यतो वजन राखायचे. हिरेही आपलेच होते. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा मुख्य देश भारत होता. गोवळकोंडा सगळ्यांना माहीत असतो, पण आपल्या गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांची नोंद अकबराच्या काळापासून आहे, हे नागपुरातच किती जणांना ठाऊक आहे? लंडनमध्ये १८५२ साली कोहिनूर पुन्हा कापला, तेव्हा १८६ कॅरटचा १०५.६ कॅरट राहिला. चमकेसाठी एवढी किंमत मोजायची की नाही, हा वाद तेव्हापासूनचा.

उताराचं गणित मात्र १९१९ साली मांडलं गेलं. अँटवर्पच्या हिरेवाल्या घराण्यातला मार्सेल टोल्कोव्स्की, वय वीसच्या आसपास. त्याने हिशोब करून सांगितलं : वरच्या भागाचा उतार ३४.५ अंश, खालच्याचा ४०.७५, आणि वरचं सपाट टेबल रुंदीच्या ५३ टक्के. आजचा ५७ पैलूंचा गोल ब्रिलियंट याच हिशोबाच्या आसपास फिरतो. सुरतच्या कारखान्यांत वरच्या भागाला मथाळा आणि खालच्याला तळिया म्हणतात. हिऱ्यासोबत मिळणाऱ्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर ते क्राउन आणि पॅव्हेलियन होतात.

रिपोर्ट वाचताना मी 'कट'च्या ओळीवर थांबत नाही. जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकन संस्था १९५५ पासून हिऱ्यांचे रिपोर्ट देते आहे, पण गोल हिऱ्याला कटची श्रेणी २००६ पासून मिळू लागली. एक्सलंट ते पूअर अशा पाच पायऱ्या. भाचीच्या अंगठीसाठी हिरा बघायला गेलो, तेव्हा दुकानात 'ट्रिपल एक्सलंट' (कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही एक्सलंट) ऐकून ती खूश झाली : "मावशी, झालं ना मग?" झालं नव्हतं. एक्सलंटचा पट्टा बराच रुंद आहे, त्यात सरस आणि जेमतेम दोन्ही बसतात. म्हणून रिपोर्टवरची छोटी आकृती बघा. टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५, क्राउन ३४ ते ३५ अंश, पॅव्हेलियन ४०.६ ते ४१. क्राउन पट्ट्याच्या वरच्या टोकाला असेल तर पॅव्हेलियन खालच्या टोकाकडे हवं. दोन्ही एकदम चढे असले की मी खडा परत करते. गर्डल 'थिक' लिहिलं असेल तर वजन तिथे लपलंय. हे सगळं गोल हिऱ्याचं. ओव्हल, पेअरला आकडे इतके उपयोगी पडत नाहीत, डोळाच लागतो.

रंग आणि निर्मळपणा मी दोन वाक्यांत उरकते. रंगाची श्रेणी डीपासून (अगदी बिनरंगी) पुढे उतरत जाते; पांढऱ्या सोन्यात जी-एच आणि पिवळ्या सोन्यात आय-जेसुद्धा छान दिसतो. आत काय आहे ते नुसत्या डोळ्याला दिसत नसेल, तर निर्मळपणाच्या व्हीएस२ या श्रेणीच्या वर पैसे घालू नका.

आता डोळ्यांची परीक्षा. दुकानातले स्पॉटलाइट कुठल्याही खड्याला चमकवतात, म्हणून मी खडा चिमट्यात धरून दारापाशी नेते. आधी सावलीत, काउंटरच्या कडेखाली धरून. चांगला हिरा तिथेही जिवंत राहतो, मधलाच भाग विझत नाही. मग उन्हात. हो, आमच्या नागपूरच्या उन्हात मुद्दाम, कारण रिपोर्टवर 'स्ट्रॉंग' फ्लुरोसन्स (अतिनील किरणांत स्वतः उजळणं) असलेला एखादा खडा तिथे दुधाळ होतो. शेवटी दहापट मोठं दाखवणारं भिंग. दुकानात हार्ट्स अँड अ‍ॅरोजचा (पैलूंची जुळणी दाखवणारा) छोटा व्ह्यूअर असेल तर मागून घ्या : वरून आठ बाण, खालून आठ बदाम. बदाम एकसारखे असतील तर कापणाऱ्याचा हात पक्का होता. नसले म्हणून हिरा वाईट ठरत नाही, पण त्या नावाचे जादा पैसे द्यायचे कारण उरत नाही.

भाचीसाठी तिसऱ्या दुकानात ७० सेंटचा सापडला, ५.७३ मिमी. रिपोर्टचा नंबर गर्डलवर लेझरने कोरलेला होता. भिंगातून तो वाचला, संकेतस्थळावर जुळवला आणि कारागिराला बजावलं की प्रॉंग त्या नंबरावर यायला नको. अंगठी घडून आल्यावर नंबर पुन्हा वाचला. तोच होता. भाचीच्या सासूबाईंना मात्र हे पुरेसं वाटलं नाही. हिरा लाभतो का ते बघायला तीन रात्री उशीखाली ठेवायला सांगितलं. ठेवला.