पंप चालू असताना कोरडं दिसणारं बेसमेंट

बेसमेंटच्या वॉटरप्रूफिंगच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. डिप्लोमा किंवा बी.ई. झालंय, राफ्ट, पीसीसी, रिटेनिंग वॉल हे शब्द पाठ आहेत असं धरतो. माझं सगळं सांगणं एका पंपाबद्दल आहे. त्याने माझं पहिलं वर्ष खाल्लं, आणि आजही नवीन बेसमेंटच्या रॅम्पवरून खाली उतरताना पोटात गोळा येतो.

साइट पुण्यातली, दोन मजली पार्किंग, खाली काळा खडक. खडक लागला म्हणजे पाण्याची काळजी मिटली असं मला वाटलं होतं. तसं नसतं. गावाकडे विहिरीला झरे लागतात ते याच खडकाच्या भेगांतून. आपण खड्डा खणला की तीही विहीरच.

वॉटरप्रूफिंग बॉक्स पद्धतीचं होतं. पीसीसीवर, म्हणजे तळाच्या साध्या कॉंक्रीटवर, शहाबादी फरशी, सांधे भरून वर मसाला, त्यावर राफ्ट हा जाड कॉंक्रीटचा तळ, मग भिंतीला बाहेरून उभी फरशी आणि मधल्या फटीत सिमेंटची स्लरी. काम बरं झालं होतं. मे महिन्यात मी टॉर्च घेऊन सगळ्या भिंती फिरलो. कुठेही ओल नाही. चेकलिस्टवर ‘कोरडे’ लिहून सही केली. मागोमाग पुट्टी, रंग, फ्लोअरिंग झालं.

बाहेर कोपऱ्यातल्या खड्ड्यात डीवॉटरिंगचा, म्हणजे साचणारं पाणी उपसणारा पंप रात्रंदिवस चालू होता. त्याचा आवाज मला ऐकूच येईनासा झाला होता, इतकी सवय झाली होती.

जुलैत ठेकेदाराने पंप दुसऱ्या साइटवर नेला. तिसऱ्या दिवशी सकाळी राफ्ट आणि भिंतीच्या सांध्यावर बोटभर उंचीची ओली रेघ दिसली. संध्याकाळी तीच रेघ सहा मीटर लांब झाली आणि खालच्या फरशीवर पाण्याचा ओघळ आला. तिथे कॉंक्रीट फोडलं. भिंत ओतताना पीव्हीसीचा वॉटर स्टॉप, म्हणजे सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून उभी बसवायची पट्टी, आडवा पडला होता, बाइंडिंगच्या तारेने सळईला बांधलेलाच नव्हता. दुमडलेल्या पट्टीखाली मुठीएवढी पोकळी, त्यात सुटी खडी. पोकळी मे महिन्यातही होती. पाणी मात्र पंपामुळे तिथपर्यंत चढतच नव्हतं.

हे नीट समजून घ्या, कारण कॉलेजात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पंप चालू असतो तेव्हा बाहेरची पातळी राफ्टच्या खाली असते. भिंतीवर दाब शून्य. तेव्हा भिंत कोरडी दिसली तर वॉटरप्रूफिंगची परीक्षा झालेलीच नसते. पंप थांबला आणि बाहेर 3 मीटर पाणी चढलं की तळाशी चौरस मीटरला 3 टन दाब येतो. तळहाताएवढ्या, म्हणजे 10 बाय 10 सेंटिमीटरच्या जागेवर 30 किलो. इतका दाब बारीकशी वाट सोडत नाही.

म्हणून आतली पुट्टी लागायच्या आधी पंप थांबवून, पातळी चढू देऊन बघायचं. शक्यतो पावसाळ्यातच.

पण पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका! पाणी खालूनही उचलतं. 30 सेंटिमीटर जाडीच्या राफ्टचं वजन चौरस मीटरला पाऊण टन, आणि त्याच 3 मीटर पाण्याची उचल 3 टन. वर पुरेसे मजले चढलेले नसतील तर राफ्टला तडे जातील, अख्खं बेसमेंट उचललं जाईल. कुठल्या टप्प्यानंतर थांबवायचा हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर जाऊ नका. सीनियर कितीही म्हणाला तरी.

गळती दिसली की लोक आतून झटपट घट्ट होणारं सिमेंट थापतात. आम्हीही थापलं. पाणी चार फुटांवर निघालं. वाहतं पाणी अडवायला सांध्याकडे तिरकी भोकं पाडून, नोजल बसवून पीयू ग्राउटिंग, म्हणजे पॉलियुरेथेन दाबाने आत भरणं, करावं लागतं. पाणी लागलं की ते फुगतं आणि वाट बुजवतं. आमचं ते काम दिवाळीपर्यंत चाललं.

शिकायचं कुणाकडून? माझं मत ठाम आहे. केमिकल कंपन्यांच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये डबा कसा उघडायचा ते कळतं, सांधा कसा सांभाळायचा ते नाही. बॉक्सचं काम करणारा जुना मिस्त्री गाठा. मला भेटलेले मामा फरशीवर हातोडीची मूठ आपटून आवाजावरून पोकळी ओळखायचे. सहा महिने त्यांच्या मागे फिरलो, तेवढंच माझं खरं शिक्षण.

तुमच्याकडून चूक होईल. माझी नोकरी गेली नाही, तुमचीही बहुतेक जाणार नाही. गळती लपवली नाही तर ती दुरुस्त होते. मी तेव्हापासून भिंतीचं कॉंक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी किकरवरून, म्हणजे राफ्टवर आधी ओतलेल्या भिंतीच्या बुटक्या पायावरून, वॉटर स्टॉप हाताने चाचपत शेवटपर्यंत चालतो. उभा आहे का, दोन्ही बाजूंनी बांधलाय का, जोड गरम करून चिकटवलाय की नुसताच एकावर एक ठेवलाय. चाळीस मीटरच्या भिंतीला अर्धा तास लागतो. मग खिशातल्या खडूने शटरिंगवर तारीख लिहितो.