स्पीकरवर उडणारा रंग टिपताना या चुका टाळा

वूफरवर, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरवर, प्लास्टिक ताणायचं, त्यावर रंगाचे चार ठिपके टाकायचे, खालून आवाज सोडायचा आणि रंग उडाला की क्लिक! ऐकायला इतकं सोपं, आणि पहिल्या दिवशी हाती लागतात पुसट रेघा आणि रंगलेला टेबलक्लॉथ. माझंही तेच झालं होतं.

घोडं अडतं ते शटरच्या भरवशावर राहिल्यामुळे. दहा सेंटिमीटर उंच जाणारा थेंब सुटताना सेकंदाला साधारण १.४ मीटर वेगात असतो. १/२०० सेकंदात तो ७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे थेंबाची शेवई होते. त्याला गोठवायचं काम फ्लॅशचं. साधा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर १/३२ पॉवरला ठेवला, की त्याची चमक १/१०००० सेकंद किंवा त्याहूनही कमी टिकते. तेवढ्यात थेंब जेमतेम ०.१४ मिलिमीटर हलतो. इथे लोक उलटं करतात: उजेड कमी पडला की पॉवर वाढवतात. पॉवर वाढली की चमक लांबते आणि रेघा परत येतात. त्यापेक्षा फ्लॅश जवळ आणा किंवा दुसरा जोडा. हाय-स्पीड सिंकचा, म्हणजे फ्लॅशसोबत जास्त वेगवान शटर वापरू देणाऱ्या सेटिंगचा, मोहही नको. त्यात फ्लॅश एकदाच न चमकता शटर फिरेपर्यंत फडफडत राहतो. स्टुडिओतल्या काही जुन्या लाइट्सचं गणित तर उफराटंच, पॉवर कमी केली की चमक आणखी लांबते.

कॅमेऱ्याचं सेटिंग असं: शटर १/२०० सेकंद, लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/११, प्रकाशाची संवेदनशीलता (आयएसओ) २०० ते ४००. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो काळाकुट्ट आला पाहिजे, म्हणजे फोटोत फक्त फ्लॅशचाच उजेड येईल. नाही आला, तर खिडक्यांचे पडदे ओढा.

आता आवाज. आवडतं गाणं लावून सुरुवात करू नका. बासरी लावलीत तर रंग ढिम्म हलणार नाही, ढोलाच्या ठोक्याला मात्र उसळेल. कारण सूर जितका उंच, तितकी स्पीकरच्या पडद्याची हालचाल बारीक. ५० हर्ट्झला (सेकंदाला ५० कंपनं) पडदा मधल्या जागेपासून ०.१ मिलिमीटर वर-खाली झाला, तरी त्याचा धक्का गुरुत्वाकर्षणाइतका होतो. चिकट रंग सुटायला त्याच्या कितीतरी पट लागतो. मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपने ३० ते ८० हर्ट्झ सोडून बघा. छोटे ब्लूटूथ स्पीकर एवढा खालचा सूर नीट काढतच नाहीत. आवाज फाटायला लागला की थांबा, नाहीतर व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, जळू शकते.

रंग ट्यूबमधून काढला तसाच वापरला तर तो गोळा होऊन बसतो. फार पाणी घातलं तर नुसता फवारा. धिरड्याच्या पिठाइतका सरसरीत हवा, म्हणजे लांब, लवचिक तारा निघतात. प्रत्येक रंग अर्धा चमचा पुरे. दोन-तीन मिनिटांत सगळं मिसळून शेणकट होतं. मग नवं प्लास्टिक, नवा रंग. इथे काटकसर केली की फोटोच चिखलाचा येतो.

प्लास्टिक सैल राहिलं तर मध्ये खळगा पडून रंग तिथेच साचतो. मोठा फुगा कापून डब्यावर ताणला, कडा टेपने बंद केल्या आणि बूड कापलेला तो डबा वूफरवर घट्ट बसवला, तर स्पीकरही वाचतो.

फोकससाठी ठिपक्यांच्या जागी पेन्सिल उभी धरा, फोकस घ्या आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. लेन्सपुढे साधी काच हवीच.

आवरताना आधी आवाज बंद करा, मग प्लास्टिकच्या किंवा फुग्याच्या कडा वर उचलून पुरचुंडी करा. मी एकदा हे उलट्या क्रमाने केलं. छतावरचा निळा ठिपका अजून आहे.